अंधारातील ध्वनिमुद्रण

मराठीत एखादा शब्द दोनदा उच्चारला की त्या क्रियेचा अतिरेक सुचवला जातो. माणूस बोल बोल बोलतो, धाव धाव धावतो आणि अखेर थकतो. इंग्लंडमधील चार तरुणांनी १९८१ साली स्थापन केलेल्या आपल्या बँडला ‘टॉक टॉक’ हे नाव घेतले, तेव्हा त्या नावात दडलेल्या विनोदाची त्यांना कल्पना नसावी. कारण दहा वर्षांत या बँडने जो प्रवास केला, तो बोलण्याकडून मौनाकडे जाणारा होता. पाच ध्वनिमुद्रिका, त्यांतील चार १९८० ते १९८९ या दशकातल्या, एवढाच त्यांचा संसार. पण त्या ओळीने ऐकल्या तर प्रत्येक पावलागणिक आवाज कमी होत जातो, जागा वाढत जाते आणि श्रोत्याला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागतो.

धर्मग्रामात काम करणाऱ्या धर्मगुरूने इंग्रजी पॉप-रॉक संगीतावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्याला कारण आहे. १९९०च्या सुमारास मी सेमिनरीत होतो. माझ्या एका गुरुबंधूचा थोरला भाऊ बोटीवर नोकरीला होता. तो सुट्टीवर येताना साउदॅम्प्टन बंदरात विकत घेतलेल्या कॅसेटी आणत असे. त्यांतील एका कॅसेटच्या वेष्टनावर पाण्यातून उगवलेले एक झाड होते आणि त्याच्या फांद्यांना फळांऐवजी शंख-शिंपले व पक्षी लगडलेले होते. नाव होते ‘स्पिरिट ऑफ ईडन’. ईडन हा शब्द पाहून आम्ही ती भक्तिगीतांची कॅसेट असावी असे समजून लावली. ती तशी नव्हती, आणि तरीही गेली तीस-पस्तीस वर्षे ती माझ्यासोबत आहे. कॅसेटची फीत केव्हाच जीर्ण झाली. पुढे सीडी आली, तीही गेली. आता ते संगीत मोबाईलमध्ये आहे. साधने बदलली, ऐकणे थांबले नाही.

या बँडचा प्राण म्हणजे मार्क हॉलिस. त्याचा जन्म लंडनच्या टॉटनहॅम भागात ४ जानेवारी १९५५ रोजी झाला. थोरला भाऊ एड हा संगीतव्यवसायात होता; ‘एडी अँड द हॉट रॉड्स’ या बँडचे व्यवस्थापन तो पाहत असे. घरात तबकड्यांचा डोंगर असायचा आणि धाकट्याचे कान त्याच डोंगरावर वाढले. १९७७ साली मार्कच्या आधीच्या ‘द रिअॅक्शन’ या बँडने एक गाणे मुद्रित केले, त्याच्या शीर्षकात ‘टॉक’ हा शब्द चारदा होता. पुढे तेच गाणे निम्मे नाव घेऊन नव्या बँडबरोबर परत आले. पॉल वेब बास गिटार वाजवी, ली हॅरिस ड्रम्स आणि सायमन ब्रेनर सिंथेसायझर. ईएमआय या बलाढ्य कंपनीने त्यांच्याशी करार केला. कुत्रा आणि कर्णा हे चिन्ह असलेल्या तबकड्यांमुळे आपल्याकडच्या मागील पिढ्यांनाही परिचित असलेली तीच ही कंपनी.

१९८२ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘द पार्टीज ओव्हर’ आली. निर्माता होता कॉलिन थर्स्टन, जो त्याच सुमारास ‘डुरान डुरान’ या अत्यंत लोकप्रिय बँडसाठीही काम करत होता. दोन्ही बँडची नावे जोडशब्दांची, दोघांची कंपनी एक, निर्माता एक. वर कंपनीने टॉक टॉकला डुरान डुरानच्या दौऱ्यावरही पाठवले. बाजाराची रीत अशीच असते. एक माल खपला की त्याच्याच शेजारी तशाच वेष्टनातला दुसरा माल मांडायचा. ‘टुडे’ हे त्यांचे गाणे ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत १४व्या क्रमांकापर्यंत गेले. आज ती पहिली ध्वनिमुद्रिका ऐकताना तिचा काळ लगेच ओळखू येतो. सिंथेसायझरचा तो चकचकीत पत्रा त्या दशकातल्या शेकडो गाण्यांवर ठोकलेला आहे.

दुसरी ध्वनिमुद्रिका ‘इट्स माय लाइफ’ १९८४ची. ब्रेनर तोवर बाहेर पडला होता आणि टिम फ्रीझ-ग्रीन हा निर्माता, वादक आणि सहगीतकार म्हणून हॉलिसच्या सोबतीला आला होता. यापुढचे सारे काम या दोघांच्या मैत्रीतून झाले. शीर्षकगीतासाठी टिम पोप या दिग्दर्शकाने जी चित्रफीत केली, तीत मुख्यतः पशुपक्षी दिसतात आणि अधूनमधून हॉलिस दिसतो तो मिटल्या तोंडाने. आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवण्याचा त्याला तिटकारा होता. कंपनीला ही चित्रफीत पसंत पडली नाही. तिने दुसरी मागितली. तेव्हा त्यांनी दुसरीही केली, पण तीत ओठ हलवण्याची चक्क टवाळी केली. ब्रिटनमध्ये त्या वेळी गाणे फारसे चालले नाही. मात्र जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली या देशांत या बँडला मोठा श्रोतृवर्ग मिळाला.

सिंथेसायझरविषयी हॉलिसचे मत परखड होते. ते वाद्य त्याने वापरले ते खिशाकडे पाहून. खरे वादक बोलवायला पैसे लागतात आणि यंत्र स्वस्तात अनेक आवाज देते. पैसे हाती येताच त्याने यंत्र जवळजवळ बाजूला केले. १९८६च्या ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत स्टीव्ह विनवूडचा ऑर्गन आहे, डॅनी थॉम्प्सनचा डबल बास आहे, पियानो आहे, लहान मुलांचा गायकवृंद आहे. हीच त्यांची सर्वांत खपलेली ध्वनिमुद्रिका ठरली. ब्रिटनच्या यादीत ती आठव्या क्रमांकावर पोहोचली आणि ‘लाइफ्स व्हॉट यू मेक इट’ हे तिच्यातील गाणे आजही नभोवाणीवर लागते.

या ध्वनिमुद्रिकेतील पहिले गाणे माझ्यासारख्याला अवघड करणारे आहे. त्याचे नाव ‘हॅपिनेस इज ईझी’. त्यात मुले गोड आवाजात येशूच्या ताऱ्याचे गुणगान करतात, आणि त्याच गाण्यात मृत्यूनंतरच्या सुखाविषयी धर्मगुरू जी आश्वासने देतात त्यांवर एक बोचरा शेरा आहे. देवाच्या नावाने लढल्या जाणाऱ्या युद्धांची सावली त्या गाण्यावर आहे. सेमिनरीत आम्ही हे गाणे लावले, तेव्हा एका मित्राने रागाने टेपरेकॉर्डर बंद केला होता. मला राग आला नाही. संदेष्ट्या आमोसने यज्ञ, उत्सव आणि गीतांच्या गोंगाटावर जे कोरडे ओढले आहेत, त्यांपुढे हा शेरा सौम्य आहे. शिवाय त्यात मुलांचे आवाज खोटे पाडलेले नाहीत. टीका मोठ्यांवर आहे. मुलांचे गाणे निर्मळच ठेवले आहे. अशी टीका करणारा माणूस श्रद्धेची थट्टा करत नसतो, तिच्यासाठी व्याकूळ होत असतो.

यशानंतर माणसाची खरी परीक्षा होते. १९८६च्या दौऱ्यानंतर टॉक टॉक पुन्हा कधीही रंगमंचावर आले नाहीत. कंपनी खूश होती. तिने पुढच्या ध्वनिमुद्रिकेसाठी सढळ हाताने पैसा आणि वेळ दिला. मे १९८७मध्ये हॉलिस आणि त्याचे सहकारी उत्तर लंडनमधील वेसेक्स स्टुडिओत शिरले आणि मार्च १९८८च्या सुमारास बाहेर आले. ही वास्तू मुळात एका चर्चचे सभागृह होती. सेंट ऑगस्टिन चर्चसाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या त्या सभागृहाचा पुढे ध्वनिमुद्रणासाठी उपयोग होऊ लागला. ‘सेक्स पिस्टल्स’ आणि ‘द क्लॅश’ या पंक बँडनी आपली गाजलेली, आरडाओरड्याची मुद्रणे इथेच केली होती. जिथे एके काळी धर्मग्रामातील मुले जमत असतील, जिथे नंतर बंडखोर गिटारी किंचाळल्या, तिथेच आता एक माणूस शांतता मुद्रित करायला आला होता.

ते दिवस कसे होते, याचे वर्णन ध्वनिमुद्रक फिल ब्राऊन यांनी आपल्या आठवणींत केले आहे. स्टुडिओत अंधार असे. तेलाचे रंगीत ठिपके भिंतीवर फिरवणारा एक प्रोजेक्टर आणि लुकलुकणारा एक स्ट्रोब दिवा, एवढाच उजेड. बाहेर दिवस आहे की रात्र, हे आत कळत नसे. त्याच सहा रचना महिनोन्‌महिने, रोज कितीतरी तास, पुन्हा पुन्हा ऐकल्या जात. बाहेरून वादक बोलावले जात. त्यांना लिखित स्वरलिपी मिळत नसे, संपूर्ण गाणेही ऐकवले जात नसे. थोडासा ठेका किंवा ऑर्गनचा एखादा स्वर कानात घालून सांगितले जाई: आता जे सुचेल ते वाजवा. व्हायोलिनवादक नायजेल केनेडी आले, ट्रम्पेटवादक हेन्री लाउथर आले, माउथ ऑर्गन घेऊन मार्क फेल्थम आले. ओबो, क्लॅरिनेट आणि बसून वाजवणारेही आले. सर्वांनी अंधारात चाचपडत वाजवले.

नंतर सुरू झाले निवडणे. तासन्‌तास वाजवलेल्या त्या संगीतातून काही क्षण ठेवायचे आणि उरलेले टाकून द्यायचे. एखादा वादक दिवसभर घाम गाळी आणि त्याचा एकच सुस्कारा अंतिम मुद्रणात राही. डिजिटल मुद्रणयंत्रामुळे एका ठिकाणी वाजवलेला तुकडा उचलून दुसऱ्या ठिकाणी बसवता येत असे. त्यामुळे जे वादक एकमेकांना कधी भेटलेही नव्हते, ते या ध्वनिमुद्रिकेत एकमेकांना प्रतिसाद देताना ऐकू येतात. आपल्याकडे भात पाखडणाऱ्या बाईच्या हातातले सूप मला इथे आठवते. ढीग मोठा असतो, धान्य थोडे. पण सुपाच्या त्या लयीत कंटाळा नसतो. फरक एवढाच, की या सुपातून पुष्कळदा चांगले धान्यही वाऱ्यावर सोडले गेले. मागणी केवळ चांगल्याची नव्हती. त्या जागी त्या क्षणी जे अटळ वाटेल, तेवढेच हवे होते.

सप्टेंबर १९८८मध्ये ‘स्पिरिट ऑफ ईडन’ प्रकाशित झाली. सहा रचना, सुमारे ४१ मिनिटे. पहिल्या तीन रचना एकमेकींत मिसळून वाहतात. आरंभी दूरवरून एक ट्रम्पेट येतो, जणू पहाटेच्या धुक्यात कोणी एकटाच उभा राहून वाजवतो आहे. मग काही क्षण जवळजवळ काहीच घडत नाही. रेडिओ बिघडला की काय, असे वाटावे इतका वेळ. त्यानंतर गिटारचा एक ओरखडा, माउथ ऑर्गनची एक करवतीसारखी किंकाळी आणि अगदी सावकाश चालणारे ड्रम्स. हॉलिसचा आवाज येतो तो पुटपुटल्यासारखा. शब्द पुरते कळत नाहीत. तिसऱ्या ‘डिझायर’ या रचनेत मात्र दडपून ठेवलेले सारे अकस्मात फुटते, ढोल आणि गिटारी कोसळतात, आणि पुन्हा सगळे निवते. एलियाने होरेब डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी अनुभवला, आणि परमेश्वर त्यांपैकी कशातच नव्हता, हा जुन्या करारातील प्रसंग मला इथे हटकून आठवतो. वादळ या संगीतातही आहे. पण ज्यासाठी कान टवकारायचे, ते वादळानंतर येते.

पुढे १९९८ साली एका मुलाखतीत हॉलिसने आपली भूमिका स्पष्ट केली. दोन स्वरांपेक्षा एक स्वर ऐकणे त्याला अधिक प्रिय होते आणि एका स्वरापेक्षाही मौन अधिक प्रिय. हे विधान एखाद्या मठवासी साधूच्या तोंडी शोभावे असे आहे. आमच्या सेमिनरीत रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळच्या मिस्सापर्यंत महामौन पाळले जाई. पहिल्या वर्षी ते आम्हांला शिक्षेसारखे वाटे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उमगू लागले, की मौन म्हणजे आवाजाचा अभाव नसतो. त्या वेळी दूरच्या लोकलगाडीचा, पंख्याचा, शेजारच्या खाटेवरील कुशीचा, आणि अखेर स्वतःच्या मनातील भांडणाचा आवाज ऐकू येऊ लागतो. शब्दांवाचून होणारा संवाद मराठी मनाला ज्ञानदेवांपासून परिचित आहे. टॉटनहॅमच्या या मुलाने तो विजेच्या यंत्रांमधून साधला.

आता ज्या रचनेसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. पाचवी रचना, ‘आय बिलीव्ह इन यू’. तिचा विषय हेरॉइनचे व्यसन हा आहे. मार्कचा भाऊ एड हा त्याच विळख्यात सापडला होता आणि १९८९ साली, ही ध्वनिमुद्रिका निघाल्यानंतर, त्याचा मृत्यू झाला. गाण्यात उपदेश नाही. व्यसनी माणसाला दटावणे नाही, समाजाला दोष देणे नाही. ठेका थकलेल्या माणसाच्या पावलांसारखा चालतो, ऑर्गन मंदपणे सोबत करतो आणि मध्यावर गायकवृंदाचे स्वर उगवतात. चेम्सफर्ड कॅथीड्रलच्या गायकवृंदाचे हे स्वर आहेत. ते काही सांगत नाहीत. एखाद्या अंधाऱ्या खोलीची खिडकी कोणी न बोलता उघडावी, तसे ते येतात.

मुंबईत १९८०च्या दशकात ‘गर्द’ हा शब्द घराघरांत भीतीने उच्चारला जाऊ लागला. मी धर्मगुरू झालो तोवर त्या पिढीतील कित्येक मुले दफनभूमीत पोहोचली होती. अशाच एका मुलाच्या घरी, दफनाच्या आदल्या संध्याकाळी, मी गेलो. वय असेल सव्वीस-सत्तावीस. शेजारीपाजारी जमले होते. प्रत्येकाला काहीतरी सांगायचे होते: देवाची इच्छा, संगत वाईट, सुटला बिचारा. माझ्याही हातात प्रार्थनेचे पुस्तक होते आणि मनात सांत्वनाची चार वाक्ये जुळत होती. त्याच्या आईने माझ्याकडे पाहिले आणि ती म्हणाली, “फादर, आता काही सांगू नका. नुसते बसा.”

मी बसलो. बाजूच्या खोलीत कोणीतरी चहाचे कप विसळत होते. त्या बाईने मुलाचा एक सदरा मांडीवर घेतला होता आणि त्याची बटणे ती लावत होती, काढत होती. सुमारे तासाभराने तिने स्वतःच रोझरी सुरू केली. तोवर बोललेला प्रत्येक शब्द तिच्या दुःखावर ठेवलेला दगड ठरला असता. सेमिनरीत दुःखाच्या गूढाविषयी मी पुष्कळ वाचले होते. पण सोबत म्हणजे काय, हे त्या तासाने मला शिकवले. परत आल्यावर मी ही पाचवी रचना लावली. गायकवृंदाच्या स्वरांना शब्द का दिलेले नाहीत, याचा मला त्या रात्री उलगडा झाला. ज्याचा भाऊ समोर बुडतो आहे, त्याने वाक्ये रचायची नसतात. ‘तुझ्यावर माझा विश्वास आहे’ एवढे म्हणून हात धरून बसायचे असते. भाऊ वाचला नाही. हात धरणे त्यामुळे व्यर्थ ठरत नाही.

शेवटची रचना ‘वेल्थ’, म्हणजे संपत्ती. पियानो, ऑर्गन, खालून डबल बास, आणि आपले स्वातंत्र्य कोणीतरी घ्यावे अशी विनवणी. लोयोलाचे संत इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक साधने’मध्ये, साधनेच्या अखेरीस, जी अर्पणाची प्रार्थना येते, तिचा आरंभही स्वातंत्र्य अर्पण करण्यापासूनच होतो. हॉलिस कोणत्याही चर्चचा प्रचारक नव्हता आणि त्याला आपल्या कळपात ओढून आणण्याची मला इच्छा नाही. परंतु ज्याने आपल्या कलेसाठी कंपनीपासून स्वातंत्र्य मिळवायला एवढी झुंज दिली, त्याने ध्वनिमुद्रिकेच्या अखेरीस तेच स्वातंत्र्य ओंजळीत घेऊन पुढे करावे, यातील अर्थ ऐकणाऱ्याला जाणवल्यावाचून राहत नाही. संपत्ती कशाला म्हणायचे, हा त्या शीर्षकाचा प्रश्न आहे.

झुंज खरोखरच झाली, आणि ती न्यायालयात झाली. आपल्याला विकता येण्याजोगे यात काहीच नाही, अशी कंपनीतील अनेकांची भावना झाली. गाण्यांची लांबी मोठी, ठेका संथ; शिवाय हे संगीत रंगमंचावर पुन्हा उभे करता येणार नाही म्हणून दौरा करायलाही हॉलिसने नकार दिला. ब्रिटनच्या यादीत ही ध्वनिमुद्रिका १९व्या क्रमांकापर्यंत गेली, पण तिसरीच्या तुलनेत खप थोडा. पुढे वाद निर्माण झाला तो कराराच्या मुदतीवरून. मुद्रण पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करार वाढवण्याची सूचना देणे कंपनीवर बंधनकारक होते. ती उशिरा आली, असे बँडचे म्हणणे. कंपनीचे म्हणणे असे, की मुद्रणाने आमचे समाधान होईल तेव्हापासून मुदत मोजायची. पहिला निकाल कंपनीच्या बाजूने लागला; अपील न्यायालयाने तो फिरवला आणि टॉक टॉक करारातून मोकळे झाले.

कायद्याच्या भाषेत हा तारखांचा वाद. पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे: एखादे काम पुरे झाले, हे कोणी ठरवायचे? करणाऱ्याने, की पैसे देणाऱ्याने? कंपनीची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. तिने वर्षभर खर्च सोसला होता आणि व्यापाऱ्याने व्यापार पाहिला म्हणून त्याला खलनायक ठरवणे सोपे असते, न्याय्य नसते. तिच्या पैशावाचून ती ४१ मिनिटे जन्मालाच आली नसती, हेही सत्य आहे. तरीही उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर आपले काम पाहतो आणि ते चांगले आहे असे तो स्वतः म्हणतो. ते कोणाला विकायचे आहे म्हणून म्हणत नाही. सुतार, कुंभार, कवी, स्वयंपाक करणारी आई, या सर्वांना हा क्षण ठाऊक असतो. तो त्यांच्याकडून काढून घेतला की उरते ती केवळ मजुरी.

कंपनीने नंतर १९९० साली जुन्या गाण्यांचा एक संग्रह काढला. तो भरपूर खपला आणि १९८४ साली ब्रिटनने दुर्लक्षिलेले ‘इट्स माय लाइफ’ आता १३व्या क्रमांकावर गेले. यशाने धीर चेपला आणि १९९१मध्ये त्याच गाण्यांवर दुसऱ्यांकडून नवे ठेके चढवून आणखी एक संग्रह काढला गेला, बँडला न विचारता. टॉक टॉकने पुन्हा न्यायालय गाठले आणि उरलेल्या प्रती कंपनीला नष्ट कराव्या लागल्या. आपली गाणी अधिक खपत असताना ती मागे घ्यायला लावणारा कलावंत व्यवहारी जगाला वेडाच वाटणार.

१९९१ सालीच ‘लाफिंग स्टॉक’ ही पाचवी आणि अखेरची ध्वनिमुद्रिका दुसऱ्या कंपनीतर्फे आली. पॉल वेब तोवर गेला होता. तिच्यात मौन आणखी गडद झाले आणि शीर्षकांत स्वर्गारोहणाचा दिवस, जलप्रलयानंतरचे जग असे बायबलमधील धागे आले. मग बँड संपला. १९९८मध्ये हॉलिसने स्वतःच्या नावाने एक ध्वनिमुद्रिका केली, जी ऐकताना वादकाच्या खुर्चीची करकरही कानी येते, आणि त्यानंतर तो संगीताच्या जगातून निवृत्त झाला. भांडण नाही, निरोपाचा समारंभ नाही. घर आणि मुले यांच्यासाठी त्याला वेळ हवा होता. फेब्रुवारी २०१९मध्ये वयाच्या ६४व्या वर्षी त्याचे निधन झाले, तेव्हा जगभरच्या संगीतकारांनी त्याचे ऋण मान्य केले. १९९४च्या सुमारास समीक्षक सायमन रेनल्ड्स यांनी ‘पोस्ट-रॉक’ ही संज्ञा रूढ केली, आणि त्या साऱ्या प्रवाहाच्या उगमाशी, न खपलेल्या त्या दोन ध्वनिमुद्रिका असल्याचे आता सर्वसाधारणपणे मानले जाते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात गायन आणि प्रतिसाद यांबरोबरच योग्य वेळी पवित्र मौन पाळण्यास सांगितले आहे. गायनाचा भाग आपण उत्साहाने अमलात आणला. मौनाचा भाग पुस्तकातच राहिला. आमच्या तरुण गायकवृंदाकडे उत्तम कीबोर्ड आहे, त्याच्या पोटात शंभर ठेके आहेत आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर आहेत. मुले मनापासून गातात. त्यांचे मला कौतुक आहे. ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतर दोन मिनिटे काहीही वाजवू नये, अशी विनंती मी काही वर्षांपूर्वी त्यांना केली. पहिल्या रविवारी अर्ध्या मिनिटातच मागच्या बाकावरून कुजबुज आली, “माईक बंद पडला काय?” दुसऱ्या रविवारी लोक खाकरले. तिसऱ्या रविवारी एक तान्हे मूल तेवढे रडले. आता दोन मिनिटे संपली तरी कोणी हलत नाही, आणि मलाच उठून शेवटची प्रार्थना म्हणावी लागते.

वेसेक्स स्टुडिओ २००३ साली बंद झाला आणि त्या वास्तूत राहण्याच्या सदनिका झाल्या. आधी चर्चचे सभागृह, मग स्टुडिओ, आणि आता घरे. तिथे कोणाच्या स्वयंपाकघरात डाळ शिजत असेल, कोणाचे मूल अभ्यास करत असेल. ज्या अंधारात ते स्वर वेचले गेले, त्याची खूण तिथल्या भिंतींवर उरली नसेल. ती आहे त्या ४१ मिनिटांत. वाचकहो, ज्यांना ती ऐकावीशी वाटतील त्यांनी रात्री जेवणे उरकल्यावर, दिवा मालवून, कामाची घाई नसताना ऐकावीत. पहिल्या खेपेस कदाचित काहीच हाती लागणार नाही. मला तरी कुठे लागले होते? कॅसेटची दुसरी बाजू संपली, टेपरेकॉर्डरची कळ खट्‌ करून वर आली, आणि तरीही त्या खोलीतील आम्हा तिघांपैकी कोणी बराच वेळ बोलले नाही, एवढेच मला आठवते.